आधी महिना ठरवा, मग किनारा

गेल्या अंकात श्रीलंकेच्या वेलिगामा किनाऱ्याबद्दल मी थोडंसं लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. पोहायला शिकवणं हा माझा पेशा. हिवाळ्यात वर्ग थंडावले की मी जमेल तेव्हा तिकडे जाऊन राहते, सर्फिंग, म्हणजे फळीसारख्या बोर्डावर लाटेवर उभं राहणं, तेही तिथेच शिकले. त्यामुळे उत्तरं देताना हॉटेलांपेक्षा समुद्राबद्दल जास्त बोललं जाईल. बऱ्याच पत्रांमध्ये प्रश्न एकच होता, म्हणून ती एकत्र केली आहेत.

प्रश्न : मुलांच्या उन्हाळी सुट्टीत, मे महिन्यात, आम्ही चौघं मिरिस्सा आणि वेलिगामाला जायचं म्हणतोय. मुलं नऊ आणि चौदा वर्षांची. त्या काळात तिथली हॉटेलं फार स्वस्त दिसतात. बुकिंग करू का? (नाशिक)

नका करू. श्रीलंकेला जरूर जा, पण मे महिन्यात त्या किनाऱ्याला नको. हॉटेलं स्वस्त दिसतात ती याच कारणाने.

बेट लहान असलं तरी तिथे पावसाळे दोन. आपल्याकडे येतो तोच नैऋत्य मोसमी वारा मे महिन्यात श्रीलंकेच्या नैऋत्य कोपऱ्याला गाठतो आणि सप्टेंबरपर्यंत तिथे मुक्काम ठोकतो. हिक्काडुवा, उनावटुना, वेलिगामा, मिरिस्सा हे सगळे किनारे नेमके त्याच्या तोंडावर. वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहत असल्याने लाट नीट उभी राहायच्या आधीच विस्कटते, पाणी गढुळतं, आणि मिरिस्साहून देवमासे दाखवायला निघणाऱ्या बोटी बहुतेक बंद असतात. वेलिगामाचा किनारा अर्धगोल आणि थोडा आडोशाला आहे, त्यामुळे तिथे शिकवणारे बारा महिने सापडतात. पण पहिल्यांदा समुद्रात उतरणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला मी त्या दिवसांत तिथे नेणार नाही.

याच महिन्यांत पूर्व किनारा मात्र कोरडा आणि निळा असतो. बेटाच्या मध्यभागी डोंगर आहेत, सगळ्यात उंच पिदुरुतलागला 2,524 मीटर. पाऊस त्यांच्या पश्चिम उतारावर कोसळतो आणि पूर्वेला वारा उरतो तो सुका. डिसेंबर ते फेब्रुवारीत हेच उलट होतं. ईशान्येचा वारा पूर्व किनाऱ्याला भिजवतो आणि दक्षिण-पश्चिम किनारा उघडा पडतो.

तेव्हा मे महिन्यासाठी असं करा. धाकट्यासाठी पासीकुडा. तिथे पाणी बरंच आत चालत गेलं तरी उथळच राहतं आणि एरवी लाट जवळपास नसतेच. किंवा त्रिंकोमालीजवळचं निलावेली. त्याच्या समोरच पिजन आयलंड नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथे डोळ्यांना काच लावून पाण्यात डोकं घातलं की प्रवाळ दिसतात आणि नशीब असेल तर माणसाच्या वाटेला न जाणारे छोटे रीफ शार्कही. थोरल्याला लाटांचीच ओढ असेल तर अरुगम बे. तिथला मुख्य पॉइंट, म्हणजे लाट फुटण्याची जागा, उजवीकडे लांबच लांब उलगडत जाणाऱ्या लाटेसाठी जगभर ओळखला जातो, पण ती लाट तयार माणसांची. नवख्यांसाठी आतल्या बाजूला बेबी पॉइंट आहे, आणि जवळच व्हिस्की पॉइंटही. रेल्वे तिथवर जात नाही. कोलंबोहून रस्त्याने सात-आठ तास धरा आणि ते एका दमात करू नका.

आणखी काही वाचकांनी दिवाळीबद्दल विचारलं आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन पावसाळ्यांच्या मधला काळ. दुपारनंतर गडगडाट करत पाऊस येतो आणि दोन्ही किनाऱ्यांना येतो. दक्षिणेला जायचं तर नाताळची सुट्टी धरा, ते जमलं नाही तर जानेवारी ते मार्च.

प्रश्न : वय 52. पोहता येतं, पण सगळं तलावातलं. लाटेवर उभं राहायची फार इच्छा आहे. या वयात हे वेड आहे का? आणि कपडे काय घालायचे? (पुणे)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि सर्वांत आधी उत्तर लिहायला घेतलं तेही तुमचंच.

वेड अजिबात नाही. पण जागा बरोबर निवडा. वेलिगामाचा तळ वाळूचा आहे. पडलात तर वाळूवर पडाल. लाट बाहेर फुटते आणि किनाऱ्यापर्यंत येताना तिचा पांढरा फेस होतो. तो फेस तुम्हाला पाठीमागून सावकाश ढकलत आणतो. सुरुवातीला शिकायचं ते त्या फेसावर. हिरवी, न फुटलेली लाट नंतर.

या लाटा तिथल्या तिथे तयार होत नाहीत. चाळीस-पन्नास अंश दक्षिण अक्षांशांवर, अंटार्क्टिकाच्या अलीकडे, हिंदी महासागरात सतत वादळं घोंघावत असतात. ती समुद्र ढवळतात आणि त्या लाटा हजारो किलोमीटर चालत श्रीलंकेला येतात. वाटेत आखूड, अस्ताव्यस्त लाटा विरून जातात आणि उरतात त्या लांब, एकसारख्या. म्हणून दोन लाटांमध्ये दहा-पंधरा सेकंदांची उसंत मिळते. शिकणाऱ्याला बोर्ड वळवायला, श्वास घ्यायला आणि मागे बघायला तेवढी पुरते. हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो, तो लाटेचा चेहरा साफ ठेवतो. दुपारी वारा उलटला की पाणी खडबडीत होतं. म्हणून शिकवणी सकाळीच घ्या, उजाडल्यापासून नऊपर्यंत.

पहिला तास जवळजवळ सगळा वाळूवरच जातो. मला शिकवणारा मुलगा माझ्या निम्म्या वयाचा. तिथे अशा तरुण पोरांना सगळे ‘मल्ली’ म्हणतात, धाकटा भाऊ, आणि ते आपल्याला ‘अक्का’. त्याने बोर्ड वाळूवर ठेवला, बोटाने त्याच्या मधोमध एक रेघ ओढली आणि म्हणाला, यापुढे तुझं नाक, बेंबी आणि दोन्ही पाय याच रेषेवर. मग पालथं झोपवलं. पायाची बोटं बोर्डाच्या शेपटीला टेकलेली, तळवे बरगड्यांशी, सपाट. कडा पकडायच्या नाहीत. नवखा माणूस घाबरून कडा धरतो, आणि कडा धरून ढकललं की बोर्ड कलंडतोच. त्यानंतर छाती उचलायची, मागचा पाय आडवा आणायचा, पुढचा दोन हातांच्या मधे. आणि नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या माडावर. पायाकडे बघितलं की माणूस पायाकडेच जातो. हे मी तलावात मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले होते, पण त्यातला अर्थ बोर्डावर उमगला.

थेट उभं राहणं गुडघ्यांना जमत नसेल तर आधी एका गुडघ्यावर या आणि मग उठा. काही शिक्षक याला नाही म्हणतात, सवय लागते म्हणून. पन्नाशीच्या बाईसाठी मला तो आग्रह पटत नाही. लाटेची गती एकदा अंगात भिनली की उठणं आपोआप सुधारतं.

बोर्ड मागताना आठ-नऊ फुटांचा, मऊ फोमचा मागा. दिसायला छान असे छोटे टणक बोर्ड पुढे करतील, ते नको. शिकवणी एकास एक घ्या. चार जणांच्या गटात पैसे वाचतात, पण वाट बघण्यातच वेळ जातो. लीश, म्हणजे बोर्डाला जोडलेली दोरी, मागच्या पायाला. लाट अंगावर येत असताना बोर्ड कधीही तुमच्या आणि लाटेच्या मधे आडवा धरू नका. तो छातीवर येऊन आदळतो. किनाऱ्यावर नवख्यांना लागतं ते बहुतेक स्वतःच्याच बोर्डाचं. पडताना सूर मारायचा नाही, अंग पसरून पडायचं आणि वर येताना एक हात डोक्यावर ठेवायचा.

निघायच्या आधी दोन महिने ही तयारी करा : तलावात न थांबता दोनशे मीटर, आणि घरी जमिनीवर पालथं पडून झटकन उठायचा सराव. पाठ आणि खांदे तिथे सर्वांत आधी बोलायला लागतात. पाठीचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांशी बोलूनच जा.

कपड्यांची चिंता सोडा. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा रॅश गार्ड, म्हणजे पाण्यात घालायचा अंगाबरोबरचा सदरा, आणि घोट्यापर्यंत लेगिंग. हेच सर्वांत शहाणपणाचं, कारण उन्हाने सोलवटणं आणि बोर्डाने पोट-मांड्या घासणं, दोन्ही टळतं. पाण्यात तुमच्याकडे कोणी बघत नाही, प्रत्येक जण आपल्या लाटेच्या नादात असतो. किनाऱ्यावरून गावात शिरताना मात्र अंगावर एखादा सदरा किंवा सरोंग घ्या. मच्छीमारांची वस्ती आहे, विहार आहेत, मशिदी आहेत.

आणखी एक सांगते, कारण ते मला फार मोलाचं वाटतं. किनाऱ्यावरच्या गावांतल्या मुली कालपरवापर्यंत पाण्यात फारशा दिसत नसत. समुद्र पुरुषांचा, असंच चाललेलं. 2018 मध्ये अरुगम बेच्या बायकांनी एकत्र येऊन ‘अरुगम बे गर्ल्स सर्फ क्लब’ सुरू केला. त्यात लेकुरवाळ्या आयाही आहेत. त्यांनी घरच्यांशी बोलून, गावाशी बोलून पाण्यात जागा मिळवली. तुमच्या वाटेत वय सोडून दुसरं काहीच आडवं नाही. जा.

प्रश्न : मुलगा कॉलेजच्या मित्रांबरोबर जानेवारीत हिक्काडुवा आणि मिडिगामाला चालला आहे. सर्वांना ‘थोडंफार’ पोहता येतं. आम्हाला धास्ती वाटते. त्याला काय सांगावं? (कोल्हापूर)

धास्ती रास्त आहे. हे उत्तर त्याच्याच हातात द्या.

मित्रा, तू निवडलेल्या दोन्ही जागी लाट मुख्यतः रीफवर, म्हणजे प्रवाळ आणि खडकांच्या तळावर फुटते. मिडिगामाला ‘लेझी लेफ्ट’ आणि ‘लेझी राइट’ अशी आळशी नावं ऐकून फसू नकोस. लाट सौम्य असते, तळ नाही. खडकांत काळे काटेरी सी अर्चिन असतात, पाय टेकवलास तर काटे तळव्यात मोडून राहतात. आपल्या कोकणात भरती-ओहोटीला समुद्र कित्येक फूट चढतो-उतरतो, तिथे हा फरक एक मीटरचाही नाही. म्हणून ओहोटीकडे दुर्लक्ष करावंसं वाटतं. पण रीफवर पाणी मुळातच कमी, त्यातलं दोन-दीड फूट गेलं की खडक नुसता पाण्याखाली लपलेला राहतो. आधी वेलिगामाला वाळूवर शिक, मग शिक्षकाला घेऊन मिडिगामाला जा.

दुसरी गोष्ट ओढ. इंग्रजीत रिप करंट म्हणतात ती. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, आणि एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोरात समुद्राकडे निघतं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, म्हणून वरून तो शांत दिसतो. पोहायला नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. दोन्हीकडे फेस आणि मधे गुळगुळीत, गडद किंवा गढूळ, समुद्राकडे सरकणारी पट्टी दिसली की तिथून दूर. पाण्यात जायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं किनाऱ्यावर बसून समुद्र बघ. माझे तिथले मल्ली जन्मापासून त्या पाण्यात आहेत, तेही बघतात.

ओढीत सापडलास तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नकोस. कितीही चांगला पोहणारा तिथे दमतो, आणि माणूस बुडतो तो दमल्यामुळे. ओढ तुला खाली खेचत नाही, बाहेर नेते. पाठीवर तरंग, एक हात वर करून हाक मार, श्वास सावर. जोर कमी झाला की किनाऱ्याला समांतर पोह, आणि जिथे लाटा फुटताना दिसतील तिथून त्यांच्याबरोबर किनाऱ्याकडे ये. बोर्ड असेल तर तो सोडायचा नाही, तोच तुझी होडी.

तंगालच्या बाजूचे काही किनारे दिसायला रिकामे आणि देखणे आहेत, पण उतार तीव्र आणि ओढ जबर. तिथे चालायला जा, पोहायला नको. लाल झेंडा दिसला तर चर्चा नाही. जीवरक्षक सगळीकडे नसतात, म्हणून असतील तिथेच पोहा. दारू पिऊन किंवा अंधारात कोणीही पाण्यात उतरायचं नाही, हे मित्रांशी आधीच ठरवून घे.

आणि लाटेवरचा शिष्टाचार. लाट जिथे पहिल्यांदा फुटते, तिथे सर्वांत जवळ असलेल्याचा हक्क पहिला. त्याच्या पुढ्यात घुसायचं नाही. त्यावरून होणारी भांडणं राहू दे, टकरीत डोकी फुटतात.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. तिथे उपासमार होईल का? (सोलापूर)

उपासमार मुळीच नाही, पण डोळे उघडे ठेवून खा. भात आणि भोवती चार-पाच भाज्या-कालवणं हे तिथलं रोजचं जेवण. मसुराची नारळाच्या दुधातली आमटी, म्हणजे ‘परिप्पु’, फणसाची भाजी, बीट, भोपळा, हिरव्या पानांची खोबरं घातलेली ‘मल्लुम’. सकाळी आप्पे, म्हणजे वाटीच्या आकाराचे, कडेने कुरकुरीत डोसे, किंवा तांदळाच्या शेवया. मी राहते त्या घरची अक्का पहाटे बैठ्या खवणीवर नारळ खवायला बसते, आणि त्या आवाजानेच मला जाग येते.

अडचण एकाच गोष्टीची. ‘उंबलकड’, म्हणजे वाळवून दगडासारखा टणक केलेला मासा. तो कुटून चिमूटभर घालतात, अगदी खोबऱ्याच्या चटणीत, ‘पोल सांबोल’मध्ये, आणि कधी भाज्यांतही. वाढणाऱ्याच्या लेखी तो मासा नसून मसाला असतो. त्यामुळे ‘व्हेजिटेरियन’ एवढं सांगून भागत नाही. ‘मस मालु नेतुव’, म्हणजे मांस-मासे नकोत, आणि ‘उंबलकड एपा’, म्हणजे उंबलकड नको, ही दोन वाक्यं पाठ करा. लोक मनापासून ऐकतात, वेगळी चटणी वाटून देतात.

मातीच्या सटातलं म्हशीचं दही आणि वर कितुल माडाचा काकवीसारखा पाक, हे दक्षिण किनाऱ्यावर चुकवू नका. सोबत नारिंगी रंगाचं शहाळं, तांबिली. मासे खाणाऱ्या वाचकांसाठी एक ओळ : ‘अंबुल तियल’ हे ट्यूनाचं आंबट, कोरडं कालवण मागा. त्यात गोरका घालतात, तो आपल्या कोकमाचा सख्खा भाऊबंद.

प्रश्न : देवमासे, कासवं, काठीवर बसलेले मच्छीमार. यातलं काय बघावं? (ठाणे आणि इतर)

देवमासे बघावेत, पण बोट निवडून. मिरिस्सा-डोंड्राच्या बाहेर समुद्राचा तळ किनाऱ्यापासून फार लांब न जाताच खोल होतो, म्हणून नीलदेवमासे तिथे इतके जवळ येतात. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी दोन-चार तासांच्या फेरीत दिसू शकतो अशा जागा जगात फार नाहीत. दुर्दैव असं की एक पाठ वर आली की काही बोटी चहूबाजूंनी धावतात. तिकीट काढायच्या आधी विचारा : अंतर राखता का, इंजिन बंद करता का, पाठलाग करता का? ‘अगदी जवळून दाखवू’ अशी हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. मोठी मालवाहू जहाजंही त्याच पाण्यातून जातात आणि देवमासे त्यांच्या धडकेने मरतात. त्यांच्यामागे आणखी पर्यटकांच्या बोटी लावायला नकोत.

कासवांसाठी रेकावाचा किनारा. जगातल्या सात समुद्री कासवांपैकी पाच जातींची कासवं श्रीलंकेच्या वाळूत अंडी घालतात. रेकावाला रात्री, वाटाड्याच्या मागे, दिवे न लावता वाट बघायची. काही रात्री कासव येतच नाही, ती तयारी ठेवून जा. पिल्लं टाकीत ठेवून हातात द्यायची आणि फोटो काढू द्यायचा, असली ‘संवर्धन केंद्रं’ मला पटत नाहीत. पिल्लाने अंड्यातून निघून स्वतःच्या पायांनी समुद्र गाठायचा असतो, आणि अंगातली पहिल्या दिवसाची ताकद त्यासाठीच असते. हिक्काडुवाला मोठी कासवं उथळ पाण्यात येतात तेव्हा शेवाळ भरवायला आणि पाठ थोपटायला गर्दी होते. तुम्ही दोन पावलं मागे उभं राहून बघा, तेवढ्यानेही मन भरतं. आणि प्रवाळाचा तुकडा पिशवीत घालून आणू नका. तो गुन्हा आहे.

पाण्यात रोवलेल्या काठीवर बसून मासे धरणारे मच्छीमार कोग्गला-अहंगामाच्या पट्ट्यात दिसतात. त्यातले बहुतेक आता पर्यटकांसाठी बसतात आणि फोटोचे पैसे मागतात. खुशाल द्या, त्यांचं पोट आहे. ते मान्य नसेल तर फोटो काढू नका. खरी मासेमारी बघायची तर पहाटे वेलिगामाच्या रस्त्याकडेच्या मासळीबाजारात उभे राहा. ओरू, म्हणजे बाजूला तोल सांभाळणारं लाकूड बांधलेल्या होड्या, तिथे जवळच वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात.

प्रश्न : आम्ही दोघं सत्तरीपुढचे. पाण्यात उतरणार नाही. तरी यात आमच्यासाठी काही आहे का? 2004 च्या त्सुनामीचीही मनात भीती आहे. (सांगली)

आहे, आणि भरपूर आहे. काका, तुम्ही दोघं कोलंबो फोर्ट स्टेशनवरून मातारा गाडी पकडा आणि समुद्राच्या बाजूला, म्हणजे गाडी दक्षिणेला निघाली की उजव्या हाताला बसा. रूळ कित्येक ठिकाणी पाण्याच्या इतके जवळ आहेत की खिडकीतून खारा वारा आणि तुषारच येतात. आरक्षण आधी करा, सुट्टीच्या दिवशी गाडी खच्चून भरते.

त्याच मार्गावर हिक्काडुवाजवळ पेरालिया लागतं. 26 डिसेंबर 2004 च्या सकाळी तिथे प्रवाशांनी भरलेली गाडी त्सुनामीत सापडली. पौर्णिमेची सुट्टी, नाताळचा दुसरा दिवस, गाडी गच्च. पहिल्या लाटेनंतर आसपासचे लोक आधारासाठी डब्यांकडे धावले, आणि दुसऱ्या, मोठ्या लाटेने डबे उचलून फेकले. हजाराहून कितीतरी अधिक माणसं गेली. रेल्वेच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा अपघात. तिथे रस्त्याकडेला स्मारक आहे आणि पाण्यात उभी असलेली उंच बुद्धमूर्ती आहे. उतरून पाच मिनिटं उभे राहा. गावातल्या जवळजवळ प्रत्येक घराला त्या दिवसाची आठवण आहे. कोणी आपणहून सांगितलं तर ऐका, खोदून विचारू नका.

भीतीबद्दल. सुमात्राजवळच्या त्या भूकंपानंतर लाट श्रीलंकेला पोचायला सुमारे दोन तास लागले होते, आणि ते दोन तास वाया गेले, कारण हिंदी महासागरात इशाऱ्याची यंत्रणाच नव्हती. आज ती आहे. आपलं हैदराबादचं केंद्रही 2007 पासून त्याचाच भाग आहे. तरी नियम लक्षात ठेवा : जोराचा भूकंप जाणवला, किंवा समुद्र अचानक मागे हटून तळ उघडा पडला, तर बघत थांबायचं नाही, उंचावर जायचं. खोली घेतानाच वर जायचा रस्ता कुठला ते विचारून ठेवा.

मुक्काम गॉलच्या किल्ल्याच्या आत करा. पोर्तुगीजांनी सुरू केलेला, डचांनी भक्कम केलेला, 1988 पासून जागतिक वारसा यादीत. संध्याकाळी तटावरून चाला. वाट बहुतेक सपाट आहे, मात्र काही ठिकाणी कठडा नाही, हात धरून चाला. एका बाजूला क्रिकेटचं मैदान, दुसऱ्या बाजूला समुद्र. काकूंना थकवा आला तर बसायला जागा पावलोपावली आहे.

प्रश्न : व्हिसा, पैसे, फिरणं? (अनेकांकडून)

प्रवासाआधी ईटीए ही ऑनलाइन परवानगी. फी आणि नियम बदलत राहतात, म्हणून श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच बघा. दिसायला तशीच असलेली खाजगी संकेतस्थळं जास्तीचे पैसे उकळतात. तिथला रुपया वेगळा. आपल्या एका रुपयाला साधारण तीन-साडेतीन श्रीलंकन रुपये, त्यामुळे किमतींचे मोठे आकडे ऐकून दचकू नका. पाच हजारांच्या नोटा बँकेतच मोडून घ्या, थ्री-व्हीलरवाल्याकडे सुटे नसतात. भाडं बसायच्या आधी ठरवा, किंवा गाडी बोलावायचं पिकमी ॲप वापरा. स्कूटर घ्यायची तर आपला वाहन परवाना तिथे मान्य करून घ्यावा लागतो. पौर्णिमेला, ‘पोया’ला, दारूविक्री बंद आणि गाड्यांना गर्दी. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, आणि अंगावर बुद्धाचं गोंदण असेल तर ते झाकून ठेवा. यावरून परदेशी पाहुण्यांवर कारवाई झालेली आहे.

एका आठवड्यात सहा किनारे उरकायचा बेत कितीतरी पत्रांत आहे. माझं ऐकाल तर एकच किनारा घ्या आणि तिथेच राहा. समुद्र रोज वेगळा असतो. तो ओळखीचा व्हायला तीन-चार सकाळी तरी लागतात, आणि शिक्षकालाही तुमची चूक कळायला तेवढाच वेळ लागतो.

प्रश्न : स्वतःचा बोर्ड विकत घेऊन न्यावा का? (रत्नागिरी)

नको. विमानात त्याचं वेगळं भाडं, शिवाय आपटून मोडायची भीती. वेलिगामाच्या वाळूवर हारीने बोर्ड उभे असतात, तासावर किंवा दिवसावर मिळतात. घेताना तळ आणि कडा हाताने चाचपा, आणि चीर किंवा खोक असेल तर मालकाच्या देखत फोटो काढा, म्हणजे परत देताना वाद होणार नाही. लीशची गाठ आणि पट्टा स्वतः ओढून बघा. घरून न्यायचाच असेल तर रॅश गार्ड न्या आणि पाण्यात न उतरणारं झिंकचं सनस्क्रीन न्या, तिथे ते महाग पडतं.